बापटकाकांनी काढलेली जवारी

बापटकाका कुठलंही वाद्य दुरुस्त करताना त्याच्या लाकडाला दात टेकवून तार छेडायचे. मिल्टनमधल्या त्यांच्या बेसमेंटमध्ये मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच फुटलं. "हसू नकोस, मेधा. हाडाला सूर नीट कळतो गं," ते म्हणाले. मोठ्या कारागिराची खुबी असणार, असं मी समजले. कप्पाळ माझं!

काका निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनिअर. टोरांटोच्या आसपास ज्यांच्या घरी तंबोरा होता, त्यांचा तो कधी ना कधी काकांकडे यायचाच. घोडीवर अलगद कानस फिरवून तारेतून झणकार उठवायचा, म्हणजे जवारी काढायची, हे काम आमच्यात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

मी मात्र त्यांच्याकडे नेली इलेक्ट्रिक गिटार. गराज सेलमधली, खुंट्या सैल झालेली, सारखी गुणगुणणारी. चाळिशीत मला हे वेड लागलं होतं आणि ऑफिसच्या पार्टीत वाजवीन असं मी सांगूनही बसले होते. काकांनी नाक मुरडलं नाही. "लाकूड छान आहे. वायरिंग मात्र कुणा गवंड्यानं केलंय," म्हणाले आणि तीन शनिवार तिच्यामागे लागले. खुंट्या बदलल्या, तारांचा आवाज पकडणारे नवे पिकअप बसवले, आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवून गुणगुण बंद केली. मी शेजारी बसून सोल्डरचा धूर खायचे. फार सुखाचे शनिवार होते ते.

चौथ्या शनिवारी गिटार घरी आणून अँप्लिफायरला लावली, तर एकूण एक तार करकरायला लागली. दुसऱ्या दिवशी पार्टी! मी तडक परत गेले.

"काका, हे काय करून ठेवलंत?"

"तारा मुक्या वाटत होत्या. जरा जवारी काढली."

"अहो, गिटारला कुणी जवारी काढतं का? आणि हे एवढं करकरतंय, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

काकांनी पुन्हा तार छेडली. पुन्हा छेडली. "मला तर गोड लागतंय," ते हळूच म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वरचा, बारीक आवाज त्यांना येतच नव्हता, आणि झणकार कानी पडेपर्यंत ते बिचारे घासत राहिले होते. जीभ झडो माझी, असं झालं मला.

पार्टीत मी गाणं म्हणून वेळ मारून नेली. महिन्याभरात काकांच्या कानाला यंत्र आलं. त्यांनी आधी माझी गिटार ऐकली, "शी! हे मी केलं?" म्हणाले आणि तिला नवा ब्रिज, म्हणजे गिटारची घोडी, बसवला. मग गेल्या दोन वर्षांत हातून गेलेल्या तंबोऱ्यांची यादी केली. "मेधा, गाडी काढ."

नऊ घरं झाली. सगळीकडे तेच, "छान वाजतोय हो काका." काका ऐकून घ्यायचे आणि गवसणी काढायचे. "लोक माझा मान ठेवतात. तंबोरा कशाला ठेवेल?" सात तंबोऱ्यांच्या घोड्या बदलाव्या लागल्या.

शेवटचं घर वॉन गावातल्या कुलकर्णीबाईंचं. त्यांचा तंबोरा क्लोजेटमध्ये, विंटर जॅकेटांच्या मागे उभा होता. बाईंचा चेहरा पडला. "दोन वर्षं मी त्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावरच गातेय, काका. कसं सांगणार तुम्हाला? वाईट वाटलं असतं."

काकांनी त्यांच्या हातचा चहा घेतला आणि तंबोरा उचलून गाडीत ठेवला. हायवेला लागल्यावर मला राहवेना. "काका, मी त्या दिवशी तसं ओरडायला नको होतं. चुकलंच माझं."

त्यांनी मागे वळून तंबोऱ्याची गवसणी नीट केली.

"दहा घरांत चहा प्यायलो मी, मेधा," ते म्हणाले. "तू दोन वर्षं आधी का नाही ओरडलीस?"