दोन पायांमधला सोल्डरचा थेंब

लिहिण्याचे धाडस मी करते आहे, याबद्दल आधी क्षमा मागणे मला भाग आहे. नोकरीची सारी वर्षे मी महाविद्यालयात गणित शिकवले. फळ्यावर जे लिहिले ते तास संपताच पुसले जाई, आणि त्याचा मला एक प्रकारे आधारच वाटे. कागदावर टिकून राहील असे काही लिहावे एवढे आपल्याजवळ आहे, असे मला कधी वाटले नाही. आजही वाटत नाही. शिवाय ज्या विषयाबद्दल लिहायचे तो मी निवृत्तीनंतर शिकू लागले, आणि त्यातले बहुतेक जाणकार माझ्याहून वयाने लहान व अनुभवाने पुष्कळ मोठे आहेत. पण एक निर्णय गेल्या उन्हाळ्यापासून माझ्यावर येऊन पडला आहे, आणि तो कोणाशी बोलायला गेले की माझी वाक्ये अर्ध्यावर राहतात. लिहिताना ती पूर्ण करता येतील अशी आशा आहे.

जुने संगणक नव्याने बांधणारी एक लहानशी मंडळी नागपुरात आहे. जुने म्हणजे घरच्या टीव्हीला जोडून चालवायचे, ज्यांच्या स्मृतीत आजचे एक छायाचित्रही मावणार नाही असे. ते बनवणाऱ्या कंपन्या केव्हाच बंद झाल्या. त्यांतल्या चिप्स अजून कुठे ना कुठे मिळतात. मिळत नाही तो बोर्ड, ज्यावर त्या बसतात आणि ज्यावरच्या तांब्याच्या रेघा त्यांना एकमेकींशी जोडतात. मग जगातल्या कुठल्यातरी हौशी माणसाने मूळ बोर्डाचा नकाशा काढून सर्वांसाठी ठेवलेला असतो, तो घ्यायचा, बोर्ड छापणाऱ्या कारखान्याला पाठवायचा आणि कोरे बोर्ड मागवायचे. हे कारखाने पाचांच्या खाली मागणी घेत नाहीत. एकाला हवा असतो एकच. त्यामुळे उरलेले चौघे शोधणे हे या छंदातले निम्मे काम असते. माझ्यासारख्या फारसे न बोलणाऱ्या बाईला त्या मंडळीत प्रवेश मिळाला तो याच कारणाने. त्यांना पाचवा माणूस कमी पडत होता.

आम्ही इतवारीत, भांड्यांच्या एका ठोक दुकानाच्या वरच्या खोलीत, रविवारी सकाळी जमतो. दुकानाचे मालक हेच मंडळीचे सूत्रधार. खाली हातठेले लागत असतात, पितळी गंज-पातेल्यांच्या चळती उतरत असतात, आणि तो आवाज थांबेपर्यंत वरचे बोलणे मध्येच सोडून द्यावे लागते. मला ते सोयीचे वाटते. पार्सल आले की मालक ब्लेडने ते उघडतात आणि पहिला कोरा बोर्ड उजेडासमोर धरतात. त्याच्या बारीक भोकांतून पलीकडची खिडकी दिसते. त्या क्षणी त्यावर कोणाचीही चूक झालेली नसते. गणिताच्या कोऱ्या उत्तरपत्रिकेबद्दल मला असेच काहीसे वाटत असे.

परदेशी संगणकांचे नकाशे मिळतात, त्यामुळे आमचे पहिले दोन-तीन बोर्ड सहज झाले. अडचण आली ती आपल्याच देशात बनलेल्या एका संगणकापाशी. एक छोटी कंपनी तो सुट्या संचाच्या रूपात विकत असे: कोरा बोर्ड, पिशवीभर सुटे भाग, आणि जोडणी ज्याची त्याने करायची. कंपनी थोड्याच काळात बंद पडली आणि नकाशा कोणाकडे उरला नाही. मूळ यंत्र मात्र एक उरले होते, निदान आम्हाला ठाऊक असलेले. ते मंडळीतल्याच एका वयस्क गृहस्थांकडे होते. त्यांना सगळे काकाजी म्हणतात.

काकाजी मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. तरुणपणी त्यांनी तो संच मागवला आणि मागाच्या खोलीतच बसून जोडला. त्या वेळी नागपुरात आणखी काहींनी तो घेतला होता. त्यांच्या टीव्हीवर चित्र एका जागी ठरत नसे, वर सरकत राही. काकाजींचे पहिल्याच दिवशी स्थिर उभे राहिले. ‘हात साफ आहे’ अशी त्यांची कीर्ती झाली, आणि त्याच कीर्तीवर एका तंत्रशाळेने त्यांना प्रयोगशाळेत नोकरी दिली. पुढे ते तिथूनच निवृत्त झाले. यंत्र अजून चालते, पण केवळ थंडीत. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत ते दाद देत नाही. डिसेंबरच्या सकाळी कळ दाबली, की पडद्यावर कंपनीचे नाव उमटते आणि खाली एक लहान चौकोन लुकलुकत राहतो.

बोर्डाचा हुबेहूब नकाशा काढण्याची या छंदातली रूढ पद्धत अशी, की मूळ बोर्डावरचे सगळे भाग उतरवायचे, तो पूर्ण उघडा करायचा आणि दोन्ही बाजूंनी स्कॅन करायचा. कारण चिप्सच्या पोटाखालून जाणाऱ्या रेघा एरवी दिसत नाहीत. जगभर हे केले जाते आणि बहुधा बंद पडलेल्या यंत्रावर केले जाते. काकाजींचे बंद पडलेले नव्हते. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी मालकांनी विषय काढला.

“काकाजी, तुमचा बोर्ड एकदा मोकळा करू द्या. नकाशा निघाला का जसाच्या तसा छापून मागवतो. पहिला तुमाले.”

“मंग माझ्यापाशी काय राहीन?”

“तुमचाच बोर्ड राहीन. एकदम साफ.”

“साफ बोर्ड तर तू बाहेरून मागवूनच राहिला गा,” काकाजी म्हणाले. “माझाच काहून साफ कराले पायजे?”

सगळे हसले, मालकही हसले. पण विषय संपला नाही. दर रविवारी तो कोणी ना कोणी काढी, आणि काकाजींचा नकार दर वेळी थोडा मऊ होत गेलेला मला दिसे. मंडळीचे मन मोडणे त्यांना जड जात होते. मला एक दुसरा मार्ग सुचला होता, पण तो बोलून दाखवायला मी बराच काळ घेतला. यंत्र बंद ठेवून, मीटरच्या दोन टोकांनी चिप्सचा प्रत्येक पाय प्रत्येक दुसऱ्या पायाशी जोडलेला आहे की नाही हे तपासायचे. जोडलेला असेल तर मीटर वाजतो. अशाने काहीही न उखडता जोडण्यांची पूर्ण यादी मिळते. चिपच्या टोकांना आम्ही पायच म्हणतो.

“मॅडम,” मालक म्हणाले, “त्यानं कोण कोणाशी जुळलं ते समजीन. रेघ कोणत्या गल्लीतून गेली ते नाई समजत. तो चालणारा बोर्ड होईन, काकाजीचा बोर्ड नाई होणार.”

ते बरोबर होते, आणि मी तसे म्हटलेही. पण काकाजी माझ्याकडे वळून एवढेच म्हणाले, “कधीपासून येता, मॅडम?”

तो सारा हिवाळा मी आठवड्यातून काही दुपारी त्यांच्या घरी गेले. ते मीटरचे एक टोक धरून चिपचा आणि पायाचा क्रमांक सांगत; मी दुसरे टोक फिरवी आणि आवाज आला की आलेख-कागदावर रेघ मारी. काम संथ होते आणि मला आवडत होते. त्यात बोलावे लागत नाही. दर दिवशी उठण्यापूर्वी काकाजी यंत्र सुरू करून पाहत. चौकोन लुकलुकला की आम्ही चहा घेत असू. चहा त्यांच्या पत्नी आणत.

“हा डबा थंडीत चालू होते,” त्या एकदा मला म्हणाल्या, “अन् आमचे हे थंडीत बंद पडतात. दोघायचं जमते कसं, मले समजत नाई.”

“दोघायले तूच चहा देऊन राहिली ना वं,” काकाजी म्हणाले.

“त्याले कधी दिला जी? तो तरी मांगत नाई.”

संक्रांतीच्या सुमारास आम्ही चित्र तयार करणाऱ्या भागापाशी पोचलो. तिथे एका चिपचे शेजारशेजारचे दोन पाय मीटरने एकत्र दाखवले. बोर्ड उलटा करून पाहिला, तर त्या दोन पायांवर मिळून सोल्डरचा, म्हणजे सांधे जोडायच्या वितळत्या धातूचा, एक जाड थेंब बसलेला होता. बाकी सारा बोर्ड खरोखरच देखणा होता. प्रत्येक सांधा लहान, चकचकीत, सारखा. हाच एक ओबडधोबड होता. काकाजींनी चष्मा कपाळावर सरकवला.

“हे माझं आहे,” ते म्हणाले. “त्या दिवशी लाइन जात-येत होती, सोल्डरचं आयर्न गरम-थंड होत होतं. तेव्हाच दिसलं होतं मले. चालून राहिलं होतं म्हणून हात नाई लावला. नकाशात घेऊ नका, मॅडम. गदाळा आहे तो.”

गदाळा म्हणजे घाण काम. तर्कही तसाच होता. शेजारचे दोन पाय चुकून चिकटणे हा नवशिक्यांच्या हातून होणारा नेहमीचा दोष आहे, आणि नकाशात दोष उतरवायचा नसतो. मी ती जोडणी घेतली नाही.

मालकांनी नकाशा संगणकावर चढवला, रेघांचे मार्ग आपल्या अंदाजाने घातले आणि कोरे बोर्ड मागवले. मूळ बोर्डाचा रंग पिवळसर तपकिरी होता. कारखाना तो देत नव्हता, त्यावर त्यांची नाराजी पार्सल येईपर्यंत टिकली. बोर्ड मार्चच्या अखेरीस आले. त्यावर आम्ही सुटे भाग बसवले, इतवारीतल्या खोलीत टीव्हीला जोडले आणि कळ दाबली. कंपनीचे नाव आले, चौकोनही आला, आणि दोन्ही संथपणे वर सरकू लागले. खालून पुन्हा आले, पुन्हा वर गेले.

काकाजी पडद्याकडे पाहत होते. त्या काळी संच घेतलेल्या इतरांच्या यंत्रांबद्दल त्यांनी जे वर्णन आम्हाला सांगितले होते, ते हेच होते.

मालकांनी तारेचा एक बारीक तुकडा घेतला आणि मूळ बोर्डावर थेंब होता त्याच दोन पायांमध्ये नव्या बोर्डावर सोल्डर केला. चित्र थांबले.

“घ्या,” ते म्हणाले, “काकाजीचा गदाळा कंपनीपेक्षा हुशार निघाला.”

सगळ्यांना आनंद झाला आणि काकाजीही हसले. मात्र ते नेहमीपेक्षा लवकर घरी गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मला जिन्यात थांबवले.

त्यांचे म्हणणे त्यांनी नीट विचार करून आणले होते. त्या थेंबाखाली कंपनीने स्वतः छापलेली रेघ असू शकते. असली, तर ती जोडणी मूळचीच. मग इतरांची यंत्रे त्यांच्या जोडणीतल्या चुकांनी बिघडली आणि काकाजींचे त्यांच्या साफ हातामुळे चालले. रेघ नसली, तर कंपनीचाच बोर्ड अपुरा होता, आणि काकाजींचे यंत्र चालले ते त्यांच्या हातून झालेल्या एकमेव घाणेरड्या कामामुळे. थेंब वितळवून शोषून घेतला आणि मग मीटर लावला, की उत्तर मिळेल.

“साफ हाताचा माणूस म्हणून नोकरी भेटली मले,” ते म्हणाले. “पोरायले तेच शिकवलं, हात साफ ठेवा. आता हात साफ होता म्हणून चाललं, का गदाळा झाला म्हणून चाललं, एवढं पाहून द्या. माझा हात थरथरते आता. तुमचा नाई थरथरत.”

“आणि थेंबाखालचे तांबे उखडले तर?” मी विचारले.

त्यांना माझे म्हणणे कळले. इतक्या जुन्या बोर्डावर तांबे धरून ठेवणारा गोंद कमजोर झालेला असतो. उष्णता लागली की रेघ पापुद्र्यासारखी सुटून येते, आणि तिथून पुढे काय काय सुटेल ते सांगता येत नाही. तांबे सुटले, तर खाली मुळात काय होते तेही मग कधीच कळणार नाही.

“म्हणूनच तुमाले म्हणून राहिलो,” ते म्हणाले. “पण थंडी येऊ द्या. पहिले चालू करून पाहू, मंग.”

मालकांना हे कळले तेव्हा त्यांना त्यात विचार करण्यासारखे काही दिसले नाही. नवा बोर्ड चालतो आहे, मूळ बोर्ड जगला काय आणि गेला काय, उलट गेला तर एकदाचा उघडा करता येईल, असे ते अर्धे थट्टेने म्हणाले. काकाजींच्या पत्नींचे मत वेगळे आहे. मी एकदा त्यांच्या घरी गेले असता त्यांनी मला फाटकापर्यंत पोचवले.

“समजून काय करतीन हे?” त्या म्हणाल्या. “हात साफ होता म्हणून चाललं असं निघालं तर झोपतीन. तसं नाई निघालं तर मलेच जागवतीन.”

मी स्वतः कोणत्या बाजूला आहे हे मला ठरवता आलेले नाही. गणितात मी विद्यार्थ्यांना सांगत असे, की उत्तर बरोबर येऊन भागत नाही, ते कसे आले हे दाखवता आले पाहिजे. त्या न्यायाने काकाजींची मागणी रास्त आहे, आणि त्यांचे यंत्र त्यांचे आहे. पण त्यांच्या नोकरीच्या साऱ्या वर्षांत त्या साफ हाताने जे शिकवले ते तर घडून गेले आहे. थेंबाखाली काही असो वा नसो, त्यात फरक पडत नाही. हे मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “हो जी, पण पाहून द्या.”

यंदा थंडी लवकर आली आहे. परवा सकाळी त्यांचा फोन आला, की यंत्र सुरू झाले आहे, चौकोन दिसतो आहे, तेव्हा सवडीने यावे. रविवारी मी जाणार आहे. सोल्डरिंग आयर्न आणि सोल्डर शोषून घेणारी जाळी पिशवीत भरून ठेवली आहे. मीटरमध्ये नवा सेल घातला आहे. वाचणाऱ्यांपैकी कोणाला या कामाचा अनुभव असेल, कोणाला नसेल, पण हा प्रश्न त्या अनुभवाचा आहे असे मला वाटत नाही, म्हणून संकोच सोडून विचारते: आयर्न आपल्या हातात असते, तर आपण तो थेंब काढला असता का?