शेजारच्या वर्गात

फोनवर मी धडधडीत खोटं बोलले. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, "कुणासाठी माहिती हवीय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या मिस्टरांसाठी." मिस्टर तेव्हा बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते. लग्नाच्या पार्टीतही लिंबू सरबत मागणारा माणूस. पिणारी मी.

फोन करायला लावलं लेकीने. ती ऑफिसला गेली की नात माझ्याकडे असायची. एका दुपारी तिला झोपवून मी जरा आडवी झाले आणि उठलेच नाही. लेक आली तेव्हा बाळाचा रडून रडून आवाज बसला होता. लेक ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. बाळाचे कपडे पिशवीत भरत म्हणाली, "दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते. तिथे जायला लागलीस की सांग. तोवर बाळ तुझ्याकडे नाही." तीन आठवडे मी नातीला मोबाइलच्या काचेतून बघत होते.

आमच्या बोळिंजच्या कॉम्प्लेक्समध्ये कुणी शिंकलं तरी चार बिल्डिंगांत कळतं. म्हणून मी मुद्दाम लांबची, वसईतली मीटिंग निवडली होती. चर्चमागची शाळा, रविवारी सकाळी अकरा वाजता. ह्यांना एवढंच सांगितलं की मी जाणार आहे. फोनवरचं खोटं सांगायचा धीर झाला नाही. ते म्हणाले, "चल, मी सोडतो."

स्कूटरवर मागे बसून मी हात ओढणीखाली धरले होते. आदल्या संध्याकाळपासून थेंब घेतला नव्हता आणि हात कापायचे थांबत नव्हते. दोन चर्च लागली, दोन्हींच्या मागे शाळा, दोन्ही शाळांना कुलूप. पावणेअकरा झाले. परत जाऊ या, असं मी दोनदा म्हणाले. ह्यांनी रस्त्याकडेला केळी विकणाऱ्या बाईपाशी स्कूटर थांबवली.

"इथे मीटिंग कुठे असते हो?"

"कसली मीटिंग?"

मी ह्यांच्या पाठीत बोट खुपसलं. "शाळेची," ते म्हणाले.

"आज रविवार. शाळा बंद हाय." मग बाईने आम्हा दोघांना नीट न्याहाळलं आणि आवाज खाली आणला. "पुढच्या चर्चच्या मागच्या गेटनी जा. ती मीटिंग तिथं असते." माझे कान तापले.

मागच्या गेटवर एक वयस्क गृहस्थ उभे होते. मला म्हणाले, "फोन तुमचाच ना, ताई?" आणि ह्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "या साहेब. आलात, फार बरं केलंत. पानी आनू?" मग मला म्हणाले, "ताई, तुम्ही शेजारच्या वर्गात बसा. घरच्यांची मीटिंग तिकडे असते."

ह्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. 'मी नाही हो' एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. ते "बरं" म्हणाले आणि आत गेले.

मला हायसं वाटलं, हे कबूल करते. शेजारच्या वर्गात भिंतीवर पाढे होते आणि चिमुकल्या बाकांवर पाच-सहा बायका. एक सांगत होती, नवऱ्याची बाटली सापडली की ती पुन्हा जागच्या जागी ठेवते, घरात तमाशा नको म्हणून. सगळ्यांनी माना हलवल्या. मला आमचा गव्हाचा डबा आठवला. माझी बाटली त्यात असायची आणि दळण न्यायचे हे. गहू काढायचे, नवे भरायचे, बाटली परत खोचायचे. ती बोटभर सरकलेली असायची, म्हणून मला कळायचं. आम्ही दोघं त्यावर कधी एक अक्षर बोललो नाही. शेजाऱ्यांना ते माझी मायग्रेन सांगायचे, डॉक्टरांना अ‍ॅसिडिटी. मला त्यांचा भयंकर राग आला. आणि या बाकावर खरं तर त्यांनी बसायला हवं होतं, हेही दिसलं.

"ताई, तुमचे साहेब किती वर्षं पितात?" कुणीतरी मायेने विचारलं.

काहीही आकडा सांगून भागलं असतं. घरी जाऊन लेकीला 'मीटिंगला गेले होते' म्हणाले असते, ते खोटंही ठरलं नसतं. बाळ सोमवारी परत आलं असतं. आणि दुपारी मी पुन्हा आडवी झाले असते.

मी उठले. व्हरांड्यातून पलीकडचा वर्ग दहा पावलांवर होता. हे पहिल्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते, हातात चहा. सगळे त्यांच्या बोलण्याची वाट बघत होते.

"अहो, उठा," मी म्हणाले. "घरच्यांची मीटिंग शेजारी आहे. ही जागा माझी आहे."

"राहू दे गं," ते पुटपुटले, "मी सांगतो काहीतरी."

"नको. आता मी सांगते."

ते उठले. मी बसले. ओढणीतून हात बाहेर काढले आणि तसेच कापत असताना सगळ्यांसमोर बाकावर ठेवले.