मोजून नेलेलं देऊळ

धनज गावाजवळच्या एका पडक्या हेमाडपंती देवळाची मोजमापं मी प्रबंधासाठी घेतली होती. दरवाजावरच्या कोरीवकामाचे फोटो राहिले, म्हणून बहात्तरच्या दुष्काळात पुन्हा गेलो, तर देऊळ जागेवर नव्हतं. शेजारून दुष्काळी कामाचा रस्ता चालला होता आणि देवळाच्या दगडांची गिट्टी होत होती.

ढिगाशी एक उतारवयाची बाई दगड फोडत होती. डोळ्यांत दगडाची कपची उडू नये म्हणून प्रत्येक घावाला मान वळवायची. तिच्या पायाशी एका द्वारपालाचा अर्धा चेहरा पडला होता. मी धावत जाऊन तिचा हात धरला.

"मावशी, थांबा. सातशे वर्षांपूर्वीचं काम आहे हे."

तिनं हात सोडवून घेतला, पण रागावली नाही. मला निरखून म्हणाली, "तुमीच ना ते, मागच्या साली फीत घेऊन आलते? तीन दिवस मोजून राह्यले होते. म्याच पानी आनून देल्लं तुमाले."

मी मान हलवली.

"मंग तवाच काहून नाही सांगतलं? आमाले वाटलं, सरकारनं दगडासाठीच मोजून नेलं."

त्या तीन दिवसांत पाणी मागण्याखेरीज मी गावात कुणाशी काही बोललोच नव्हतो. तिनं पुढचा दगड ओढला.

प्रबंध मान्य झाला. त्यात त्या देवळाचा आराखडा आहे. तो बरोबर की चूक, हे आता कुणालाच ताडून पाहता येणार नाही.