बोटाखालची स्प्रिंग

कळसच्या भजनी मंडळापासून नरसिंहपूरपर्यंत कुणाची पेटी बिघडली की लोक इंदापुरात फकीरचाचांचं दार वाजवायचे. पण चाचांचा खरा तोरा बारामतीच्या एका शाळेतल्या मोठ्या पियानोवर. पुण्याचा कारागीर येईनासा झाल्यापासून बारा वर्षं पियानोचं दुखणंखुपणं तेच बघत होते.

त्यात प्रत्येक पट्टीमागं बारीक स्प्रिंग असते. ती ढिली पडली तर भराभर वाजवताना दुसरा सूर गिळला जातो. फार ताठ केली तर एकदा दाबलं तरी हातोडी दोनदा आपटते. मग वाकवायची किती? पट्टी हळूच सोडली की हातोडी झोपेतून उठणाऱ्या लेकरासारखी उठली पाहिजे. दचकली तर बोटाला धक्का लागतो. चाचा हे डोळे मिटून ओळखायचे.

आज मात्र डोळे उघडे होते. एकच पट्टी सूर गिळत होती. स्प्रिंगचं टोक जिच्यात सरकतं ती खाच आधी पुसायची, मगच स्प्रिंगला हात लावायचा, हा त्यांचा नेम. खाच पुसली, फरक पडला नाही. तारेच्या आकड्यानं स्प्रिंग वाकवली, तर सूर दोनदा वाजला. सैल केली, पुन्हा गिळला. असा तास गेला.

उसाच्या मुलखात जन्म काढलेल्या माणसाला साखरेनंच गाठावं, याला काय म्हणावं! महिन्यापूर्वी तव्यावर बोट भाजलं, तेसुद्धा बायकोनं, करिमानं, सांगितल्यावर कळलं. चाचांनी ते हसण्यावारी नेलं होतं. पण बोटांची जाणच गेली तर फकीर उरतो कुठं?

"चाचा, आज बघून करताय?" संगीत शिकवणाऱ्या तेजश्री मॅडमनी विचारलं.

"व्हय." सरकून जागा देत ते म्हणाले, "मॅडम, तुमचं बोट ठिवा हितं. हळू सोडा. धक्का लागतोय?"

"लागतोय."

आकडा किंचित हलला. "आता?"

"थोडासा."

"आता?"

"नाही. अलगद उठली."

मॅडमनी तो सूर भराभर वाजवला. एकही गिळला नाही, एकही दोनदा वाजला नाही. "तुम्ही पण बघा ना दाबून," त्या खुशीत म्हणाल्या.

चाचांनी पट्टी दाबली, हळू सोडली. बोटाला काही कळलं नाही.

"ब्येस हाय," ते म्हणाले. कामात त्यांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांना फार लाज वाटली.

पिशवी उचलून ते दाराशी पोचले, तोच मॅडमनी हाक मारली. "चाचा, आकडा राहिला तुमचा."

"ऱ्हाऊ द्या," मागं न बघता चाचा म्हणाले. "बोट तुमचं हाय. आकडाबी तुमच्याकडंच बरा."