थांबलेला ठिपका

पोरगी समुद्रातल्या होडीच्या शर्यतीत होती. अरुंद होडी, एकटीनं वल्हवायची, वारा पाठीवर घेऊन लाटांवरून मैलोनमैल जायचं. मागं फिरायची सोय नाही. शिरगावच्या घरात बसून मी मोबाईलच्या नकाशावर तिच्या होडीवरच्या यंत्राचा ठिपका बघत होतो. पोरगी किनाऱ्याला लागेस्तोवर माझी बायको गॅस पेटवायची नाही. बायको वारल्यावर तो नेम माझ्याकडं आला.

अचानक ठिपका थांबला. नकाशातलं मला काय कळतंय! फोन लावला, उचलेना. बायको गेली, आता पोरगीपण गेली, एवढंच डोक्यात.

बऱ्याच वेळानं तिचाच फोन आला.

"बाबा, मोबाईल गाडीत होता. शर्यत संपली, मग ठिपका थांबणारच ना! जेवलात का?"

"आता गॅस पेटवतो," म्हणालो. एकामागून एक तीन काड्या विझल्या.