बँडवाल्यांच्या पायावर पाणी

लंकाकाकूंच्या दारावरून वरात जाताना बँड वाजत नाही. गावातल्या प्रत्येक नवरदेवाला हे माहीत असतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एका वरातीत ढोल वाजला, काकूंची गाभण म्हैस बिथरली आणि दावं तोडून थेट उसात शिरली. दुसऱ्या दिवशी काकूंनी बँडवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. तेव्हापासून वरात त्यांच्या कुंपणाशी आली की कॉर्नेटवाला आपणहून तोंडातली पिपाणी काढतो आणि सगळे गुमान चालू लागतात.

श्रीगोंद्यापासून थोड्या अंतरावर आमचं गाव. लंकाकाकूंची लिंबाची बाग आमच्या घराला लागून. नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा गोरक्ष लष्करात गेला आणि बाग काकूंनी एकटीनं सांभाळली. काट्यांनी त्यांचे हात कोपरापर्यंत ओरखडलेले असतात. व्यापाऱ्यानं भाव पाडला की त्या लिंबाची गोणी उचलून परत टेम्पोत टाकतात आणि म्हणतात, "घरी लोनचं घालीन, पन तुला देनार न्हाई." अशा बाईला बँडचं वेड लागेल असं कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो.

गोरक्ष उत्तरेला बर्फाच्या चौकीवर होता. एका गस्तीत पायाखालचा कडा ढासळला आणि तो खाली गेला. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. हवा इतकी वाईट होती की हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. पुढे दवाखाने झाले, पायात सळई बसली आणि तो लष्करातून मोकळा होऊन घरी आला. चालताना थोडा लंगडतो, पण बागेचं सगळं काम करतो.

काकू त्याला एकच गोष्ट विचारत राहायच्या. तुला खाली आणलं कुणी? तो टाळायचा. मग एकदा दोघं मायलेक लिंबं निवडत बसले होते, मी कुंपणापलीकडे मोटरचा स्टार्टर दुरुस्त करत होतो, तेव्हा तो बोलला.

"बँडवाल्यांनी आनलं."

"तुझी चेष्टा ऱ्हाऊ दे."

"चेष्टा न्हाई, आई. पलटनीचा बँड. परेडला वाजवत्यात ते. एरवी वाजवत्यात, आन् वेळ आली की जखमी उचलत्यात. त्यांना तसंच शिकिवल्यालं असतं."

काकूंच्या हातातलं लिंबू हातातच राहिलं.

गोरक्षनं मग सगळं सांगितलं. चौघांनी त्याला स्ट्रेचरवर घातलं आणि सबंध रात्र उतरणीनं खाली आणलं. बँडवाले जन्मभर पावलाला पाऊल जुळवून चालतात, पण स्ट्रेचर खांद्यावर आलं की ते मुद्दाम पाऊल मोडतात, कारण पावलं जुळली की झोळी झुलते आणि मोडलेलं हाड हलतं. त्यातला एक जण त्याच्या कानाशी एक धून गुणगुणत होता. थांबायचाच नाही. थंडीत झोप लागली असती तर गोरक्ष उठला नसता.

"नाव इचारलं न्हाईस?"

"तोंडाला फडकी बांधल्याली. आन् मी कुठं शुद्धीत हुतो? नंतर पत्ता काढाया गेलो तर त्यांची बदली झाल्ती."

काकूंनी हातातलं लिंबू टोपलीत टाकलं. मग म्हणाल्या, "म्हंजे त्यांच्या पायावर कुनी पानी न्हाई घातलं."

हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडे देवीची पालखी यात्रेला गावात येते, तेव्हा वेशीवर बायका कळशा घेऊन उभ्या असतात. पालखीचे भोई अनवाणी चालून आलेले असतात. त्यांच्या पायावर पाणी पडल्याशिवाय पालखी वेशीच्या आत येत नाही. खांद्यावरून आणणाऱ्याचे पाय आधी, बाकी सगळं मागून. काकूंच्या हिशेबी त्यांच्या पोराला चार माणसांनी खांद्यावरून आणलं होतं आणि ती माणसं कोरड्या पायांनी परत गेली होती. हे काम त्यांच्याकडून राहिलं होतं.

त्या वर्षी सव्वीस जानेवारीला काकू पहाटेची एसटी धरून नगरला गेल्या. मी नगरला एमआयडीसीत कामाला, म्हणून सोबत मी. परेडच्या मैदानाच्या कठड्याला धरून त्या उभ्या राहिल्या. लष्कराचा बँड आला. पुढे दांडा फिरवत ड्रम मेजर, मागे पितळेची वाद्यं उन्हात चमकणारी, आणि सगळ्यांचे पाय एकदम उचलणारे. लोक मोबाईल वर धरून शांतपणे बघत होते. धून ऐन रंगात असताना काकूंनी टाळ्या सुरू केल्या. एकट्यांनीच.

शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "आजी, अजून संपलं नाही."

"तुमी संपल्यावर वाजवा. मला आत्ता वाटतंय."

मग ते गृहस्थही टाळ्या वाजवू लागले. पण काकूंचं खरं काम पिशवीत होतं. पाण्यानं भरलेला तांब्या, वर फडकं बांधलेलं. बँड परत वळला तशा त्या कठड्याखालून वाकून आत निघाल्या. बंदोबस्तावरच्या पोलिसानं त्यांना अदबीनं थांबवलं. तांब्या भरलेलाच घरी आला. पुढे पंधरा ऑगस्टला तेच, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

गोरक्ष वैतागायचा. "आई, हे बँडवाले येगळे, ते येगळे. यांचा काय संबंध?"

"तू बाजारात लिंबू घेताना कुठल्या झाडाचं म्हनून इचारतो का? बागंचं नाव चालतं ना?"

मग तो फवारणीचा पंप उचलून बागेत निघून जायचा.

या वर्षी आमच्या शाळेला पन्नास वर्षं झाली. जुने मुख्याध्यापक शरच्चंद्र सर पुष्कळ दिवस खटपट करत होते, आणि अखेर परवानगी आली. लष्कराचा बँड आमच्या शाळेच्या मैदानावर एक तास वाजवणार होता. सरांना आनंदापेक्षा धास्तीच जास्त. त्यांनी आदल्या दिवशी माईकवरून सूचना दिल्या. माईक-स्पीकरचं काम माझ्याकडे होतं, म्हणून त्या मला पाठ झाल्या. चुन्याच्या रेषेच्या आत कुणी जायचं नाही. शिट्ट्या मारायच्या नाहीत. सरांनी हात वर केला की टाळ्या.

चुन्याच्या रेषा मैदानावर होत्या. फाटकाबाहेरच्या रस्त्याबद्दल सर काहीच बोलले नव्हते, आणि काकूंनी ते नीट ऐकलं होतं.

फेब्रुवारी संपत आला होता, ऊन चांगलंच तापलं होतं. बँडची बस देवळापाशी थांबली. तिथून बँड वाजवत रस्त्यानं येणार आणि फाटकातून मैदानात शिरणार, असं ठरलेलं. मी फाटकाशी वायर ओढत होतो. बघतो तर लंकाकाकू, त्यांच्या शेजारच्या दगडाबाई आणि आणखी पाच-सहा जणी, डोक्यावर पदर, कमरेवर कळशा.

"काकू, हे काय?"

"वेस हीच. इथूनच आत जानार ना ते?"

"सरांना विचारलं?"

"सरांच्या पायावर घालायचं न्हाई मला."

तेवढ्यात बँड वळणावर आला. मोठ्या ढोलाचा ठोका छातीत लागत होता. बायकांनी रीतीप्रमाणे आधी वाट भिजवली, आणि मनापासून भिजवली. आमची जमीन काळी. कळशाच्या कळशा ओतल्यावर फाटकातला फुफाटा लोण्यासारखा झाला. बँड अगदी जवळ आला तशा लंकाकाकू मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि ड्रम मेजरच्या पायाशी वाकल्या.

वरातीचा बँड असता तर थांबला असता. हा कसा थांबणार? ड्रम मेजरनं हातातला दांडा आडवा धरला आणि सगळा बँड जागच्या जागी कदमताल करू लागला. धून चालूच. चिखलही चालूच. आरशासारखे काळे बूट, त्यावरची दुधासारखी पांढरी आवरणं, आणि प्रत्येक पावलासरशी चिखलाचे फवारे. मागच्या रांगेचा चिखल पुढच्यांच्या पोटऱ्यांवर. कुणाचा सूर हलला नाही, कुणाची मान वळली नाही. काकूंनी ड्रम मेजरच्या बुटांवर कळशी रिती केली, वर बघितलं आणि तेव्हा त्यांना सगळं दिसलं.

शरच्चंद्र सर धावत आले. "लंकाबाई! अहो, काय केलंत हे! पाहुण्यांना चिखलात घातलंत!"

दगडाबाई म्हणाल्या, "भोयांना घालतोच की, सर."

"भोई अनवाणी असतात! यांच्या पायात बूट आहेत!"

काकूंनी रिती कळशी उचलली. ज्या बाईला कधी शब्द कमी पडला नाही, ती बाजूला झाली. ड्रम मेजरचा दांडा वर गेला आणि बँड फाटकातून आत निघून गेला, पांढऱ्याचे काळे झालेले पाय एकदम उचलत.

तासभर त्यांनी जे वाजवलं ते गाव अजून बोलतं. मला त्यातलं फार कळत नाही, पण माझ्या स्पीकरची गरज पडली नाही एवढं कळलं. सर हात वर करायचे विसरले. लोक हवं तेव्हा टाळ्या वाजवत होते, धून चालू असतानासुद्धा. पारावरची म्हातारी माणसं उभी राहून ऐकत होती. मी मात्र मधून मधून काकूंना शोधत होतो. त्या पाण्याच्या टाकीमागे बसल्या होत्या, हातात रिकामी कळशी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखाद्याचे आभार मानायचे होते आणि त्यांनी त्याचे कपडे खराब केले होते.

कार्यक्रम संपला. बँडमास्तर, मिशा पिकलेले सुभेदार, साताऱ्याकडचे, सरांकडे आले. सर हात जोडून माफीची तयारी करूनच उभे होते.

"त्या आजी कुठायत?" सुभेदारांनी विचारलं.

"अडाणी बाई आहे हो. तिच्या वतीनं मी—"

"साहेब, माझी आई हाय ती." गोरक्ष लंगडत पुढे आला. त्यानं टाचा जुळवून सलाम केला आणि आपली पलटण सांगितली, चौकी सांगितली, ती रात्र सांगितली. पालखीची रीत सांगायला त्याला शब्द सापडेनात, तेव्हा ती सरांनीच सांगितली. सांगता सांगता सरांचा आवाज बदलत गेला. बहुधा त्यांनाही ती तेव्हाच कळत होती.

सुभेदार टाकीमागे गेले. काकू घाईनं उठल्या. जवळ बादली आणि घासणी तयार होती.

"काढा ते बूट, मी धुऊन देते. माझी चूक हाय."

"बूट आमचे आम्हीच पुसतो, आई. ते कुणाला देत नाही."

"मग मी काय करू?"

सुभेदारांनी टोपी काढून काखेत धरली. "त्या रात्री मी नव्हतो. ही पोरंही नव्हती. पण स्ट्रेचर आम्ही सगळ्यांनी उचललंय, कुठं ना कुठं. वाजवलं की टाळ्या मिळतात. उचललं म्हणून कुणी आजवर वाटेत उभं राहिलं नव्हतं." मग ते मागे वळून जरा मोठ्यानं म्हणाले, "बूट उतारो!"

बँड क्षणभर गोंधळला. असा हुकूम त्यांनी कधी ऐकला नसणार. मग शाळेच्या लांब ओट्यावर सगळे रांगेनं बसले, वाद्यं मांडीवर. बूट निघाले, मोजे निघाले. दिवसभर बुटात कोंडलेले, फिकट, सुरकुतलेले पाय ओट्यावरून खाली लोंबू लागले.

लंकाकाकू पहिल्याशी आल्या. पाणी घालता घालता त्यांचं तोंड परत सुरू झालं. "कुठला रं तू?"

"हिमाचल, माताजी."

"किती लांब! आईला फोन करतो का?"

त्याला शब्द कळले नसावेत, पण त्यानं मान हलवली. पुढचा मुलगा सनईसारखं काळं लांब वाद्य छातीशी धरून बसला होता. काकू वाकल्या तसे त्यानं पाय वर ओढून घेतले. आईच्या वयाच्या बाईनं पायाला हात लावायचा म्हणजे काय, असं काहीतरी तो पुटपुटला.

"पाय खाली घे," काकू म्हणाल्या. "गुमान. लई दिवस तांब्या घिऊन हिंडतीय मी."

गोरक्षनं हिंदीत सांगितलं तेव्हा पाय खाली आले. कळशी संपली. दगडाबाईंनी दुसरी दिली. मग घराघरांतून कळशा यायला लागल्या, हंडे आले, कुणी प्लास्टिकची बादली आणली. शरच्चंद्र सर धोतराचा सोगा खोचून टाकीच्या नळाशी भांडी भरत होते आणि कुणाला मधे घुसू देत नव्हते.

रांगेच्या शेवटी मोठा ढोलवाला होता, धिप्पाड पंजाबी. त्याच्या पायावर पाणी पडलं तसे त्यानं डोळे मिटले आणि पायाची बोटं फाकवली.

"माताजी," तो म्हणाला, "थोडा और. बहुत गरम है."

काकूंनी गोरक्षकडे बघितलं. "काय म्हनतोय?"

"आनखी घाल म्हनतोय."

"घालते की," काकू म्हणाल्या, आणि हसत हसत त्यांनी अख्खी कळशी त्याच्या पायांवर उपडी केली.