तीन फेऱ्या आन् नातवाचं नाव

आता तुमीच वळखा राव, ह्या वयात म्या व्याह्यासंगं पळालो, तर शेवट काय झाला आसंल? लावा पैज. न्हाई वळखायचं!

चऱ्होलीत आमच्या घरी नातवाचं बारसं व्हतं. मला नाव पायजे सर्जा. आमच्या शर्यतीच्या बैलाचं! रावेतचं व्याही म्हणलं, "आबा, पोरगं आहे ते, बैल नाही."

व्याही कंपनीतनं रिटायर. काटकुळा मानूस, रोज सकाळी चालणारा. म्या खोडी काढली, "मंग पळा की माझ्यासंगं! सोसायटीला तीन फेऱ्या. जिंकंल त्यानं नाव ठिवायचं."

तर त्ये बूट बांधायलाच बसलं! आता माघार घेऊ कशी?

थोरली नात आरती कालेजात शिकती. कानाशी आली. "आबा, एकदम सुसाट सुटू नका. मांसात साठलेला जोर धा सेकंदात सरतो. मग अंग साखर जाळतं. श्वास पुरला तर नीट जळती, नाहीतर अर्धी कच्चीच."

"आगं, जलमभर बैलं पळवली म्या. सुटल्या सुटल्याच जोर लावायचा आसतो!"

"आबा, बैलांची घाटातली शर्यत पापणी लवेपर्यंत संपती. तुमाला तीन फेऱ्या हायेत!"

ऐकतंय कोण? धोतर खोचलं आन् भिर्रर्र!

व्याही पार मागं. पर कुठवर? दुसऱ्या कोपऱ्यापत्तुर! तितं मांड्या पेटल्या. हवा न लागल्याल्या चुलीगत आत निस्ता धूर. तोंड वासलं तरी वारा पुरंना. आन् मागनं बूट. टप, टप, टप. ना जलद, ना हळू.

गॅलरीतनं कारभारीण वरडली, "आवो, बसा खाली! मरताय का?"

बसतो व्हय! नाव गेलं आसतं की!

दुसऱ्या फेरीला व्याही शेजारी आलं. आन् बोलत व्हतं, राव! "आबा, दमानं. पाणी आणू का?"

म्या त्येंचा सदरा धरला. खोटं कशाला सांगू, धरला! चार पावलं फरफटलो. मंग पोटरीत आसा गोळा आला, की गेटावर वॉचमनच्या खुर्चीतच कोसळलो.

व्याही तिसरी फेरी मारून आलं. श्वास बी चढला नव्हता.

नाव ठिवलं हृद्यांश. सूनबाईनं चिठ्ठीवर लिहून दिलं, पर मला कुठं वाचता येतंय? हे तुमाला सांगायला बी आरतीकडनं चारदा घोकून घेतलं. घरी गेलो की जीभ पुन्हा गाठ मारती.

आता सख्खा नातू रांगत दाराभाइर निघाला, तर म्या आजा आसून त्येला शुक शुक करतो. आन् त्ये बी वळून बघत न्हाई.